पहिल्या मालकाच्या हयातीपर्यंत

“प्रत्येक माणसाचं हृदय म्हणजे एक चुंबक असतं,” डॉ. वृषाली इंगवले म्हणाल्या. “अगदी दुबळं. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे त्याची काही गणतीच नाही. पण ठोक्यागणिक ते हलतं, आणि हे स्फटिक ते ऐकतं.”

कोल्हापूरच्या ‘स्पंद’ कंपनीच्या प्रयोगशाळेत, काचेच्या टेबलावर दोन धातुशोधक आडवे ठेवले होते. एक डॉ. दिगंबर प्रभुदेसाईंचा, दुसरा मोरेश्वर नाबरांचा. दोघे कुडाळचे, एका बाकावर बसून शिकलेले. दिगंबर दातांचे डॉक्टर. मोरेश्वर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सिंधुदुर्गातल्या सड्यांवर आकाशातून लोखंडी उल्कांचा वर्षाव झाला त्याला आता बरीच वर्षं लोटली होती, पण उल्का शोधण्याचं वेड जिल्ह्यातून गेलं नव्हतं. दर रविवारी माणसं कानाला धातुशोधकाचं श्रवणयंत्र लावून जांभ्याच्या त्या काळ्या पठारांवर फिरत.

जांभ्यातच मुळात लोह फार. साधा धातुशोधक तिथे नुसता कोकलत राहतो. ‘भेदी’ नावाच्या कंपनीची स्वस्त यंत्रं घेणारे लोक दरवर्षी नवं मॉडेल घेत आणि दरवर्षी गंजके खिळे उकरत. दिगंबर त्यांच्याशी चहासुद्धा घेत नसत. स्पंद घेतलेला माणूस मरेपर्यंत स्पंदचाच राहतो, असं ते अभिमानाने सांगत.

आज मोरेश्वर आपलं यंत्र दिगंबरांना विकत होते. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे सडा चढणं त्यांना जमेनासं झालं होतं. आणि दिगंबर स्वतःचं यंत्र मालवणच्या सत्यवान कुबल नावाच्या हॉटेलवाल्याला विकणार होते. वॉरंटी नव्या हातात द्यायची तर पहिल्या मालकाने प्रयोगशाळेत यावं लागे, म्हणून हा प्रवास.

“पण बाई, मशीन मी दिगूला दिल्यावर हा छातीतला कण काढणार ना?” मोरेश्वरांनी शर्टावरून छाती चाचपत विचारलं.

“नाही काढायचा. तोच तर मुद्दा आहे.” डॉ. इंगवलेंनी स्फटिक चिमट्यात धरून उजेडात धरलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं होतं. “नवं स्फटिक पहिल्या वर्षात एकाच हृदयावर बसतं. त्याच्या ठोक्यावर ते डोलत राहतं, म्हणून इतकं सूक्ष्म ऐकू शकतं. दुसरं हृदय त्याला चालत नाही. तुमच्या कातडीखालचा हृत्कण तुमचे ठोके त्याच्याकडे पाठवत राहतो. यंत्र कोणाच्याही हातात असो, चालतं ते तुमच्या जिवावर. म्हणून आमची हमी पहिल्या मालकाच्या हयातीपर्यंत असते.”

“ठोके एकदाच नोंदवून ठेवले आणि तेच ऐकवत राहिलं तर?” दिगंबरांनी विचारलं.

“करून पाहिलं. नोंद पुन्हा पुन्हा तीच येते. एकसारखं काही ऐकवलं की स्फटिक बहिरं होतं, आणि एकदा बहिरं झालं की तो नुसता खडा. त्याला सतत बदलणारं काही तरी लागतं. दोन ठोक्यांतलं अंतर जिवंत हृदयात कधीच नेमकं तेवढंच नसतं.”

“म्हणजे शांत स्वभावाच्या माणसाचं मशीन वायाच जायचं,” मोरेश्वर हसले. “दिगूला उभ्या आयुष्यात कधी घाबरलेला पाहिला नाही मी.”

“शांत माणसाचं हृदयही श्वासागणिक थोडं मागेपुढे होतंच. तेवढं पुरतं. फक्त जमिनीत जरा कमी खोलवरचं ऐकू येतं.”

हे दिगंबरांना ठाऊकच होतं. त्यांचं यंत्र हातभर खाली ऐके. मोरेश्वरांचं त्याच्या दीडपट. मोरेश्वर लग्नात रडायचे, विद्यार्थ्यांच्या निकालाला रडायचे, मुलगी केतकी व्यापारी जहाजावर अधिकारी म्हणून रुजू झाली तेव्हा बंदरावर धाय मोकलून रडले होते. असल्या हृदयाचं यंत्र बाजारात मिळत नाही.

“परक्याला दिलं नसतं हो,” मोरेश्वर डॉक्टरबाईंना म्हणाले. “दिगू आहे म्हणून.”

पावसाळा संपला आणि दिगंबर नव्या यंत्रासह सड्यावर जाऊ लागले. श्रवणयंत्रात पाठीमागे मित्राच्या हृदयाचा मंद ठोका ऐकू येई, कोणी तरी दूरच्या खोलीत चालत असावं तसा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो ठोका अचानक अडखळला, मग वेडावाकडा धावू लागला. त्याबरोबर जमीन जणू उघडली. पुरुषभर खोलीवरचा आवाज दिगंबरांना स्वच्छ ऐकू आला. त्यांनी खणलं, आणि लिंबाएवढी उल्का हाती लागली. उल्का शोधणाऱ्यांच्या क्लबात आजवर कोणाला एवढ्या खोलातून काही मिळालं नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर कळलं, की सकाळी मोरेश्वरांच्या पत्नी सुलभा गेल्या.

दिगंबर लगेच गेले. मोरेश्वर त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना दिगंबरांच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं, आणि ते सुटलं तेव्हा त्यांना लाज वाटली नाही. थोडं नवल वाटलं, एवढंच.

दुःख ओसरत जातं. हिवाळा सरता सरता मोरेश्वरांचा ठोका पुन्हा सावरला आणि यंत्र पुन्हा उथळ झालं. दिगंबर काही रविवार नुसते हात हलवत परतले. एका सकाळी त्यांनी सड्यावरूनच फोन लावला.

“मोरू, केतकीचं जहाज सध्या कुठे आहे रे?”

“एडनच्या वाटेवर. का रे?”

“नाही, काही नाही. बातम्यांत कुठल्या तरी जहाजावर चाचे चढल्याचं सांगत होते. तिचं नसेल. तू काळजी करू नकोस.”

फोन खिशात जाईपर्यंत ठोका धावू लागला होता.

केतकीला कामाच्या वेळात फोन लागत नसे. निरोप पाठवला की उत्तर यायला संध्याकाळ होई. त्या संध्याकाळी मोरेश्वरांचाच फोन आला. आवाज थकलेला, पण आनंदी. “दिगू, ती सुखरूप आहे रे. दुसरंच जहाज असणार. पण तू कळवलंस हे बरं केलंस. माझ्यासाठी एवढं लक्ष ठेवणारं दुसरं कोण आहे?”

“अरे, त्यात काय,” दिगंबर म्हणाले.

मग हे होतच राहिलं. दर रविवारी नाही. रोज तेच केलं तर माणूसही बहिरा होतो, हे दिगंबरांना कळत होतं. कधी वादळ. कधी बंदरावर पसरलेला ताप. कधी नुसतंच, “केतकीचा काही फोन आला होता का रे तुला?” असं विचारून गप्प बसायचं, बाकीचं मोरेश्वर स्वतःच करत. संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतंच, मग बिघडलं काय, असं दिगंबरांनी स्वतःला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. क्लबात त्यांच्या उल्कांसाठी वेगळं कपाट केलं गेलं. भेदीवाले कपाटासमोर उभे राहून निमूट बघत.

उन्हाळ्यात मोरेश्वर बाजारात चक्कर येऊन पडले. गोव्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, की हृदयाची लय बिघडली आहे, छातीत तालरक्षक बसवा. तो ठरल्या लयीत ठोके देतो, आणि ती लय ढळू देत नाही. मोरेश्वर अहवाल घेऊन दिगंबरांच्या दवाखान्यात आले.

“तू डॉक्टर माणूस. तू सांगशील तसं करीन,” ते खुर्चीत टेकत म्हणाले. “पण एक विचार मनात आला. हे बसवलं तर माझा ठोका घड्याळासारखा होणार. मग तुझं मशीन?”

“माझ्या मशीनचं सोड रे.” दिगंबरांनी अहवाल चाळला. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. “पण ह्या वयात छातीला कापाकापी म्हणजे... घाई कशाला? पाऊस पडू दे, हवा गार होऊ दे. औषधांनी भागेल तुझं.”

“मलाही तेच वाटत होतं,” मोरेश्वर म्हणाले, आणि सुटल्यासारखे हसले.

पावसाला अजून वेळ होता. त्या रविवारी दिगंबरांना सड्याच्या पश्चिम कडेला एक आवाज लागला. फार खोल, फार मोठा, आणि पुसट. डावीकडे आहे की उजवीकडे तेही कळेना. चुकीच्या जागी जांभा फोडायचा म्हणजे दिवस फुकट. त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि फोन काढला.

“मोरू, मन घट्ट कर.”

“काय झालं?”

“केतकीचं जहाज बुडालं म्हणतायत.”

 पलीकडून मोरेश्वर लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले, “दिगू, तू ये ना इकडे.”

“निघालोच,” दिगंबर म्हणाले, आणि श्रवणयंत्र कानाला लावलं.

असं ते यंत्र कधीच बोललं नव्हतं. ठोके एकमेकांवर कोसळत होते, मधेच थांबत होते, पुन्हा उसळत होते, आणि त्यांच्या तळाशी जमिनीतला तो तुकडा त्याच्या आकारासकट ऐकू येत होता. दिगंबरांनी पायाने माती सारून खूण केली. आणखी एकदा नीट ऐकावं म्हणून त्यांनी यंत्राची चकती खुणेवर धरली, तेवढ्यात सगळं शांत झालं. ठोका नाही, जमीन नाही. कानात आता फक्त वारा.

काय झालं ते त्यांना समजलं. यंत्र त्यांनी सावलीत ठेवलं, पहार उचलली, आणि खणायला सुरुवात केली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा नारळाएवढी उल्का वर निघाली.

घरी जाऊन आंघोळ करून ते मोरेश्वरांकडे पोचले तेव्हा शेजारी जमले होते. त्यांनी खांदा दिला. दोन दिवसांनी केतकी आली. ओटीवर त्यांच्यासमोर बसून ती म्हणाली, “दिगूकाका, बाबांना शेवटचा फोन तुमचा होता.”

“हो बाळ. तब्येत विचारायला केला होता.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली.

पुढच्या महिन्यात डॉ. इंगवलेंनी दिगंबरांना कोल्हापूरला बोलावून घेतलं. दिगंबर उत्साहानेच गेले. एवढ्या निष्ठावान ग्राहकाला कंपनी दुसरं एखादं वापरलेलं चांगलं यंत्र सवलतीत देईल, अशी त्यांची अटकळ होती.

“नाबरसरांच्या मशीनची वॉरंटी संपली, हे तुम्हाला माहीत आहे,” डॉ. इंगवले म्हणाल्या. ह्या वेळी त्यांनी चहा विचारला नाही. “केतकी माझ्याकडे आली होती. कण प्रत्येक ठोक्याची नोंद आमच्याकडेही पाठवतो. वडिलांचे ठोके, तुमच्या फोनच्या वेळा आणि त्यांनी तिला पाठवलेले काळजीचे निरोप आम्ही दोघींनी शेजारी ठेवून पाहिले.”

दिगंबरांनी घड्याळात पाहिलं.

“वकिलांना विचारलं. मित्राला खोटी बातमी देणं हा खून ठरत नाही म्हणाले. त्यामुळे ते राहू दे. मी तुम्हाला वेगळ्या कामासाठी बोलावलंय. तुम्ही कुबलांना विकलेलं मशीन बंद पडलं. त्यांनी वॉरंटी मागितली आहे.”

“बंद कसं पडेल? मी तर धडधाकट आहे.”

“तेच मला कळेना.” त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन रेषा होत्या. वरची उधाणासारखी उसळत जाऊन एका जागी तुटली होती. “ही नाबरसरांची. त्याच वेळची खालची तुमची. तुमचा कण अजून ठोके पाठवतोय.”

खालच्या रेषेवरचे उंचवटे कंगव्याच्या दातांसारखे एकसारखे होते. वरची रेषा तुटली त्या जागेखालीही त्यांच्यात काही फरक पडला नव्हता.

“गेले काही महिने, तुम्ही फोन केलात त्या प्रत्येक रविवारी हे असंच होत होतं. आधी थोडा वेळ, मग जास्त. श्वासाचाही फरक उरलेला नाही. त्या दिवशी मित्र मरताना ऐकून तुम्ही खणत राहिलात, तेव्हा कुबलांचं स्फटिक बहिरं झालं. यंत्रात दोष असता तर मी त्यांना नवं दिलं असतं. दोष नाही. आणि निर्दोष स्फटिक विझलं तर आमच्या नियमांत त्याचं एकच कारण आहे.”

“माझ्या हृदयात काही बिघाड असेल. तपासून घेतो.”

“जरूर घ्या. ठणठणीत आहे म्हणून सांगतील.” त्यांनी टेबलावरचा फोन लावला. आवाज खोलीभर घुमला.

“कुबल, स्पंदमधून बोलतेय. तुमची मागणी नामंजूर झाली. वॉरंटी पहिल्या मालकाच्या हयातीपर्यंत होती.”

“अरे देवा! डाक्टर गेले?” कुबल कळवळून म्हणाले. “कधी गेले हो? परवाच तर बाजारात दिसलेले माका.”

“मे महिन्यात,” डॉ. इंगवले म्हणाल्या.

दिगंबरांनी तोंड उघडलं. आपण इथे बसलो आहोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. नकळत त्यांची बोटं मनगटावर गेली, आणि बोटांखालचे ठोके मोजता मोजता ते बोलायचं विसरले.

“बरो माणूस होतो हो,” कुबल म्हणत होते.