पेंढ्यानं बांधलेली पेटी

टोफूवाला इवाझो सकाळी उठलाच नाही. श्वास चालू होता, पण हाक पोचत नव्हती. इस्पितळात रक्तातली साखर पाहून डॉक्टर हबकले. रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्या माणसाची साखर एवढी कशी?

टोचायची ती सून, मिनाए. दक्षिणेच्या उबदार बेटावरून या डोंगरात आलेली. तिनं सुई टोचलीच नाही, असं सासूबाई, तोकु, गावभर सांगत होत्या. दुपारी पोलीस यायचे होते. त्याआधी मिनाए हिसानोबाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

हिसानोबाई खासगी तपास करीत. पोस्टातून निवृत्त झालेला कुझे त्यांच्यासोबत हिंडे.

मिनाएनं एकही दिवस चुकवला नव्हता. गेल्या आठवड्यात तिनं फ्रीजमधली नवी पेटी फोडली. बाटलीत बारीक कण दिसले. गारठ्यानं असतील असं वाटून तिनं ती हलवली नि टोचली.

तिनं सोबत आणलेली ती पेटी कुझेनं उलटसुलट पाहिली. पेंढ्याच्या दोरीनं बांधलेली, एवढंच. बाटलीतलं औषध मात्र हिशेबानं बरोबर उतरलेलं.

"ओतून दिलं असेल," तो पुटपुटला.

"मग कण कुठून आले, कुझे?" हिसानोबाईंनी विचारलं.

इवाझोचा मुलगा, मिनाएचा नवरा तात्सुओ मालमोटार चालवायचा. हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं औषधाच्या पेट्या आणून आईच्या हाती दिल्या नि तो निघून गेला. परतला तो कालच.

दोघं इवाझोच्या घरी पोचली, तेव्हा तोकुबाई वळचणीखाली पेंढ्यात ओवलेल्या टोफूच्या वड्या टांगत होत्या.

"घाटाचा काय भरवसा, बाई? बर्फ पडलं की काही येत नाही. पण आमच्या गारठ्यात टांगलेलं वर्षभर नासत नाही. त्या दक्षिणेकडच्या पोरीला काय कळायचं त्यातलं?"

दुपारी हिसानोबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. दोन वाट्यांत रस्सा ओतला. एकीत ताजा टोफू, दुसरीत गोठवून वाळवलेला.

"दोन्ही एकाच सोयाबीनचे. मग हा वाळवलेलाच का रस्सा पितो?"

"गोठला होता म्हणून," कुझे म्हणाला.

"गोठताना आतली घडण बदलली, म्हणून कामही बदललं. इन्सुलिनही टोफूसारखं प्रथिनच. ते एका ठराविक घडीत दुमडलेलं असेल तरच शरीर त्याला ओळखतं. गोठलं की घडी मोडते, कण धरतात. वितळलं तरी ती परत बसत नाही. मिनाएनं रोज टोचलं. टोचलं ते मोडलेलं औषध. इस्पितळात तेवढंच, पण ताजं औषध दिलं, तर साखर उतरायला लागली."

"पण गोठवलं कोणी?" तात्सुओनं विचारलं.

"औषधवाला पेटी पेंढ्यानं बांधत नाही. ती कुणीतरी टांगायला बांधली होती."

तोकुबाई पुढं सरकल्या.

"मीच टांगली," त्या म्हणाल्या. "घाट बंद झाला तर ह्यांना कमी पडू नये म्हणून. चांगली मुरल्यावर फ्रीजमध्ये ठेवली."

रस्सा तसाच निवत राहिला. जिनं जीव लावून औषध सांभाळलं, तिनंच ते मारलं होतं. कुझेला तोकुबाईंकडे बघवेना.

बाहेर पोलिसांची गाडी थांबली. मिनाए उठली, तसं तोकुबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तू थांब, सूनबाई. तुझं नाव मी घेतलं होतं. आता माझंही मीच घेते."