पायाळूचा पाय आणि माझा हात

फिजिओथेरपिस्टच्याच कमरेत उसण भरावी, आणि तीही दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी! शिरूर कासारच्या स्टँडसमोर गाळा घेतला होता. बीडहून मसाजचं टेबल टेम्पोतून आलं, आणि 'वाकून वजन उचलू नका' असं जगाला शिकवणारी मी ते स्वतःच वाकून उचलायला गेले. कळ अशी आली की फरशीवर आडवीच झाले.

शेजारच्या सुनिताकाकूंनी डॉक्टरला नाही, पायाळूला हाक मारली. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस. त्यानं कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे जो तो सांगतो.

आणि तो आला... अंगद. बीड-शिरूर जीप चालवणारा, उंच, सावळा आणि कानापर्यंत लाजलेला. नळावर पाय धुऊन आला, तेही दोनदा.

"मॅडम... लावू का?"

"लावा. पण जोर द्यायचा नाही. मी थांब म्हटलं की थांबायचं."

"थांबतो की."

ओला, गार पाय तीनदा कमरेला लागला. इतका हलका, की मला गुदगुल्याच झाल्या.

"उतरलं का?" जमलेल्या बायांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

अंगद बघतच राहिला. मग खळखळून हसला. "एवढ्या वर्षांत न्हाई म्हणणाऱ्या तुमीच पहिल्या!"

त्या हसण्यानं मला थोडं बरं वाटलं होतं, पण हे कबूल कोण करणार? उसण गेली ती चार दिवसांनी, शेकानं आणि हळूहळू हालचाल केल्यानं.

मग त्याचं येणं सुरू झालं. पायानं उसण न उतरलेले पेशंट तो जीपमधून माझ्याकडे आणायचा आणि दारातच रेंगाळायचा. मी हात लावण्याआधी प्रत्येकाला विचारायची. बीपी आहे? साखर? ताप? कुठं सूज? रक्त पातळ व्हायच्या गोळ्या?

"मालिश करायला आलेत का सोयरीक जुळवायला?" तो दारातून चिडवायचा.

"तुम्हाला जीपला गिऱ्हाईक नाही का?"

"हाय की. पण गिऱ्हाईक बी हितंच बसलंय..."

आखडलेले खांदे घेऊन आलेली माणसं मान सैल करून जायची. अंगद एकदा म्हणाला, "लई जणांना अंग चोळताना बघितलं मी. पेशंट ओरडला की अजून जोर लावतेत. तुमी मात्र थांबता." हे बोलताना त्याचा आवाज जरा खाली आला होता. मी उगाच तेलाची बाटली पुसत बसले.

चैत्रात त्याची आई, जानकीबाई, ऊसतोडीहून परतली. सोळा तास ट्रकमध्ये पाय मुडपून बसलेली. अंगदच्या खांद्याला धरून लंगडत आली आणि टेबलावर पाय पसरून म्हणाली, "पोटरी चोळून दे बाई. करडीचं तेल बी आणलंय."

मी पाहिलं. एकच पाय सुजलेला. पोटरी गरम, कातडी ताणलेली.

"मावशी, हे चोळायचं नाही. मी नाही आणि दुसऱ्या कुणीच नाही. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळली तर सुटून फुप्फुसात जाईल. आत्ताच्या आत्ता बीडला जा."

"हात लावायची किळस येती व्हय गं? राहू दे!" तिनं तोंड फिरवलं. "अंगद, तू पाय लाव. गावाचं दुखणं उतरवतोस, आईचं न्हाई व्हय?"

दारात माणसं जमली होती. कुणीतरी बोललंही, "एवढी शिकून चोळायचं बी जमंना." माझे डोळे भरून आले. अंगदनं आजवर कुणालाच पाय नाकारला नव्हता. त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फक्त मान हलवली — नको.

"आई, आज पाय न्हाई लावणार," तो म्हणाला. "मॅडम म्हणतील तसं."

त्यानं तिला अलगद उचललं, जीपमध्ये झोपवलं. आईच्या शिव्या पार वेशीपर्यंत ऐकू येत होत्या.

संध्याकाळी फोन आला. अंगद रडत होता.

"गाठच हाय. मांडीपर्यंत. डॉक्टरनं पहिलं काय विचारलं म्हाईत हाय? 'कुणी चोळलं तर न्हाई ना?'"

मीही फोन कानाला धरून त्याच्यासोबत रडले.

बरी झालेली जानकीबाई आली ती सोमवारच्या भर गर्दीत. माझ्या दारात उभी राहून तिनं सगळ्या स्टँडला ऐकवलं, "ऐका रे! हिनं मला हात लावला न्हाई, म्हणून मी हाय!"

त्या दिवसापासून माझ्या प्रश्नांना कुणी हसलं नाही. उलट लोक दारातूनच सांगत यायचे, "ताई, मला साखर हाय बरं का!"

पुढं तिच्या गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा ती पुन्हा टेबलावर पालथी झोपली. "आता तरी लाव हात. बारा वर्षं मोळ्या वाहिल्यात ह्या खांद्यानं."

मी हलक्या हातानं खांदा दाबू लागले. अंगद दारात नव्हता, आज आत आला होता. माझ्या अगदी समोर.

"दिपाली," मॅडम न म्हणता तो म्हणाला, "एक बोलायचंय. तुमी थांब म्हणलात, तर तिथंच थांबतो."

"बोला ना..."

"जन्मभर तुमच्याच दारात उभं राहावं वाटतंय. आतून."

माझे हात जागच्या जागी थबकले. तो वाट पाहत होता, कानापर्यंत लाल होऊन, पहिल्या दिवसासारखा.

"थांबू नका," मी म्हणाले.

टेबलावरून उशीत दबलेला आवाज आला, "अगं, मग हात का म्हून थांबवलास, सूनबाई? मी कुठं थांब म्हणले?"