शकूची जागा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या मावसभावाच्या, हरेशच्या बाबतीत. कळंबोलीजवळच्या रोडपालीत, गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

हरेश शाळेत चित्रकला शिकवतो. जुन्या घराशेजारी त्यांचं नवं घर उभं राहिलं होतं. त्याच्या वास्तुशांतीसाठी तो घरच्यांचं लिनोचं चित्र करत होता. लिनो म्हणजे रबरासारखी मऊ लादी; ती कोरायची, वर शाई फिरवायची, कागद ठेवून छापायचा. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला काळा उठतो.

चित्रात आई, बाबा, भाऊ कुंदन, स्वतः हरेश आणि कडेला शकू. शकू त्याची थोरली बहीण. जन्मापासून एक पाय वाकडा. लग्न झालं नाही. मागच्या पावसाळ्यात तापाने गेली.

पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे. दार ओढून घ्यायचं काम हरेशचं.

पहिला छाप कुंदनने पाहिला.

"हिला कशाला? लोक तिचा पायच बगतील."

"बहीण हाय आपली."

"हाय रे. पन शुभ कामात नको."

हरेशने स्वतःची समजूत घातली. तशीही ती एका अंगाला झुकलीय, तिच्यामुळे चित्राचा तोल जातोय.

त्याने कटर उचलला आणि शकूला कोरून काढलं.

खरं कारण त्याला ठाऊक होतं.

घरात कोणी नव्हतं. सगळे पनवेलच्या बाजारात गेले होते. हरेशने शाई फिरवली, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासू लागला...

मागच्या खोलीचं दार लागलं.

हळूच. कोणीतरी ओढून घ्यावं तसं.

तो उठून गेला. दार सताड उघडं होतं. आत कोणी नाही.

परत येऊन त्याने कागद उचलला. शकूची जागा पांढरी होती. पण बाकीचे...

आई, बाबा, कुंदन. तिघांच्या माना त्या पांढऱ्या जागेकडे वळल्या होत्या.

चित्रातला हरेश एकटाच समोर बघत होता.

त्याने लिनो निरखला. लिनोत सगळे समोरच बघत होते. पुन्हा छापलं...

पुन्हा तेच.

एवढ्यात मंडळी परतली. हरेश कागद लपवायला गेला, पण आईने तो हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला. हरेशला वाटलं, आता विचारेल, माझी पोर कुठंय?

"बरा केलास," आई म्हणाली. "शकूला पन घेतलीस."

हरेशला तिथे नुसता कोरा कागद दिसत होता.

"पन तिची पाठ का रं केलीस आमच्याकडं?"

हरेश शाईचे हात पुसू लागला.

चित्र आता नव्या घरात आहे. आईने हट्टाने लावलं. मीही पाहिलंय. मला चौघेच दिसले, आणि तिघांच्या वळलेल्या माना. मी फार वेळ थांबलो नाही.

आई रोज त्यासमोर उभी राहून बोलते. हरेश तिथून खाली मान घालून जातो. परवा त्याने धीर केला.

"आये, अजून पाठच हाय का तिची?"

आईने त्याच्याकडे पाहिलं.

"का? तुला नाय दिसत?"

"दिसते," हरेश खोटं बोलला.

"मंग तूच हाक मार तिला. माझ्या हाकेला वळत नाय ती."

हरेशच्या तोंडून अजून हाक निघालेली नाही.