टाकीवरचा शेजारी

रविवारी सकाळी तिने नकाशा उघडला आणि ओठाशी नेलेला चहाचा कप तसाच राहिला. तिच्याच घराच्या गच्चीवर, नेमका पाण्याच्या टाकीवर, एक अनोळखी ठिपका बसला होता.

गच्चीवर तिचं हौशी रेडिओचं छोटं केंद्र होतं. आसपासचा कुठलाही रेडिओ ‘मी इथे आहे’ असं हवेत बोलला, की ते ऐकायचं आणि इंटरनेटवरच्या नकाशात ठिपका म्हणून पोचवायचं, एवढंच त्याचं काम. वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमवरून हुज्जत घालणाऱ्या या लेकीला बाबा लाडाने ‘दशांश’ म्हणत.

तिने ठिपक्याला निरोप धाडला, ‘आमच्या टाकीवर बसला आहात. उतरता का?’

‘झाकण घट्ट असेल तर बसू द्या. कालच रेडिओचा परवाना मिळालाय.’

ठिपका निघाला गुरांचा डॉक्टर, डोंगरापलीकडचा. त्याची चूक तिने लगेच पकडली. घराचा अक्षांश अंश आणि मिनिटांत भरायचा होता. याने दशांशातले ४५ उचलून सरळ पंचेचाळीस मिनिटं करून टाकली होती. अंशाची साठ मिनिटं; म्हणून ०.४५ अंशाची खरी मिनिटं सत्तावीस. त्या अठरा मिनिटांनी त्याला तेहतीस किलोमीटर दूर, तिच्या डोक्यावर आणून बसवलं होतं. त्याने मुकाट्याने दुरुस्ती केली. टाकी रिकामी झाली... आणि तिला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

मग निरोप सुरूच राहिले. एका निरोपात सदुसष्टच अक्षरं मावत, त्यामुळे एका हट्टी गायीचं बाळंतपण त्याने तिला सात हप्त्यांत ऐकवलं. त्याच्या जीपमध्येही रेडिओ होता. तो दर दोन मिनिटांनी आपण कुठे आहोत ते आपोआप सांगे. तो फिरायचा त्या दरीत फोनला रेंज नव्हती. तिथली हाक ऐकणारं केंद्र एकच — तिचं. ती सारखी जीपचा ठिपका बघत बसली, की बाबा म्हणत, “दशांश, दृष्ट लागेल त्या जीपला.”

एका दुपारी पाऊस कोसळत होता आणि जीप थांबली. गोठ्यापाशी नव्हे, घाटातल्या वळणाखाली, जिथे रस्ताच नव्हता. दहा मिनिटं... वीस. ठिपका जागचा हलेना. तिने निरोप पाठवला, उत्तर नाही. तिने अग्निशमन दलाला फोन लावला. आवाज तिने जराही थरथरू दिला नाही.

“आकडे अंश-मिनिटांत सांगतेय. दशांश नाहीत. आधी ते लिहून घ्या,” ती म्हणाली, आणि त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. तेहतीस किलोमीटरची चूक आज चालणार नव्हती.

जीप उतारावर एका झाडाला अडकलेली सापडली. डॉक्टरचा पाय आत चेपला होता, पण तो शुद्धीवर होता.

तीन आठवड्यांनी कुबडी टेकत तो दारात उभा राहिला. आभाराचं भाषण त्याने वाटेत पाठ केलं होतं म्हणे. तिला समोर पाहिलं आणि सगळं विसरला. बाबा चहा टाकायचं निमित्त करून आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

“माइकपर्यंत हात पोचत नव्हता,” तो शेवटी म्हणाला. “पण दर दोन मिनिटांनी रेडिओचा दिवा लागायचा. वाटायचं... आत्ता तुम्हाला कळलं. त्यावर दीड तास काढला मी.”

“ते मशीन आपोआप—”

“मशीनसाठी एका पायावर तीन जिने नसतो चढलो.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. इतके दिवस आपण कुणाचे आभार मानायचे, हेच तिला कळत नव्हतं. तो जिवंत होता, समोर बसला होता, आणि उशिरा आलेल्या चहात साखर कमी आहे हे सांगायला लाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर पुन्हा ठिपका.

‘डॉक्टर, परत मिनिटं चुकली,’ तिने कळवलं.

‘नाही. या वेळी तीनदा मोजून बसलोय. राहू का?’

सदुसष्ट अक्षरांची मुभा होती. तिला दोनच लागली.

‘राहा.’