जोडीदार बसवला का?

दार लोटून घ्या रे, आणि तो मोबाइल पालथा ठेवा. रात्रभर प्रयोगशाळेत एकटं थांबायची हौस आहे ना तुम्हाला? मग ऐका. आपल्याच जीवरसायनशास्त्र विभागात घडलेलं आहे. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा.

सगळे त्याला तुफान म्हणायचे. चहासुद्धा उभ्यानं पिणारा माणूस. त्याचा सहकारी बरोबर उलटा, म्हणून त्याचं नाव थंडोबा. त्या थंडोबाचं अर्धं आयुष्य कोल्ड रूममध्ये गेलं, स्वेटर घालून, नाक पुसत. रक्ताची गुठळी विरघळवणारं एक एन्झाइम त्यानं तिथे चिकाटीनं वेगळं काढलं. विभागाचं नाव झालं ते त्याच्या जोरावर, हे शेंबडं पोरही सांगेल.

आता सेंट्रिफ्यूज तुम्ही पाहिलाय. कपडे पिळणाऱ्या यंत्रासारखा, पण वेग असा की नळीतला गाळ तळाशी दगडासारखा बसतो. त्यात एका नळीसमोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवावी लागते, साध्या पाण्याची का होईना. तिला आम्ही जोडीदार म्हणायचो. वजनात फरक राहिला की यंत्र पिसाळतं. म्हणून कुणी झाकणाला हात घातला की थंडोबा मागून विचारायचाच, "जोडीदार बसवला का?" आम्ही म्हणायचो, "आधी तुझा बसव!" बिचारा बिनलग्नाचा होता. हसायचा आणि नळीच्या बुचावर चिकटपट्टी लावायचा, टोक दुमडून. पुढच्याला सोलायला सोपं जावं म्हणून.

एके दुपारी तुफाननं घाईघाईत पाण्याची नळी नुसत्या नजरेनं मापली, यंत्र चालू केलं आणि फोनवर बोलत बाहेर गेला. यंत्र थरथरायला लागलं. थंडोबा बंद करायला धावला. ज्याच्या खाचांत नळ्या बसतात तो आतला जड रोटर फुटला, झाकण उडालं ते थेट त्याच्या तोंडावर. आम्ही आत गेलो तेव्हा ओळखण्यासारखा फक्त स्वेटर उरला होता.

चौकशी झाली. नळ्या कुणी ठेवल्या होत्या? तुफाननं भिंतीवरच्या रक्ताच्या डागाकडे बोट दाखवलं. "त्यानंच." मेलेला माणूस काय बोलणार? प्रकरण मिटलं.

पुढे त्या एन्झाइमला मोठा पुरस्कार मिळाला. घ्यायला उरला होता एकटा तुफान. समारंभ रविवारी सकाळी होता. आदल्या रात्री, साडेनवाच्या सुमारास, थंडोबाची धाकटी बहीण त्याला विभागाच्या जिन्यात भेटली.

"दादा असा हलगर्जी नव्हता हो," ती म्हणाली. "आई अजून म्हणते, माझं पोर स्वतःच्या चुकीनं गेलं. उद्या व्यासपीठावरून एवढंच सांगा, चूक त्याची नव्हती. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे."

"उद्या बघू ताई. आत्ता जरा घाईत आहे."

घाई खरीच होती. पाहुण्यांना दाखवायला ताजं एन्झाइम हवं होतं. नव्या सेंट्रिफ्यूजमध्ये एक नळी फिरवली की काम संपलं. बाकी आम्ही सगळे सभागृहात खुर्च्या मांडत होतो. अमावस्या वगैरे काही नव्हती बरं का. खिडकीतून चांगलं चांदणं आत येत होतं.

त्यानं एन्झाइमची नळी खाचेत ठेवली, समोर पाण्याची. या वेळी काट्यावर नीट तोलून. झाकण लावलं.

"जोडीदार बसवला का?"

आवाज कोल्ड रूममधून आला. कोल्ड रूमला बाहेरून कडी होती.

मनाचे खेळ, म्हणून तो हसला. तरी झाकण उघडून पाहिलंच. समोरची खाच रिकामी. पाण्याची नळी परत स्टँडमध्ये उभी होती.

त्यानं ती पुन्हा बसवली. झाकण लावलं. उघडलं.

रिकामी.

"कोण आहे रे?"

...

खाचेत काही अडकलंय का, म्हणून त्यानं बोट आत घातलं. आत गार होतं. बर्फासारखं गार. आणि त्या गारव्यानं बोट धरलं.

त्यानं ओढलं. सुटेना.

"वजन कुणी केलं नव्हतं?"

आता आवाज कानाशी होता. शांत, नेहमीसारखा. तो चिडला असता तरी बरं झालं असतं, असं तुफान मला नंतर कितीदा तरी म्हणाला.

अरे, त्या घडीला तरी खरं बोलावं ना माणसानं! पण जिभेला तेच वळण लागलेलं.

"तू," तो म्हणाला. "तूच..."

झाकण मनगटावर आदळलं. हाड मोडलं. बटण कुणीच दाबलं नाही, तरी रोटर फिरला. रक्ताची चिळकांडी छतापर्यंत गेली. हात सुटला, पण यंत्र जागचं उठलं. फरशी फोडत पुढे आलं. त्याला कोल्ड रूमच्या दारावर चेपलं. एक बरगडी गेली. दुसरी. कपाटांच्या काचा फुटून अंगावर आल्या. यंत्र मागे सरलं... आणि पुन्हा आलं.

"मी!" तो किंचाळला. "मीच! वजन मी केलं नव्हतं!"

यंत्र थांबलं.

...

बहीण गेलीच नव्हती. बाहेर बाकावर बसून होती. तिनं ते ऐकलं, आवाजानं धावत आलेल्या आम्ही सगळ्यांनीही ऐकलं. दारात उभी राहून ती रडली, आणि मग तिनंच स्वतःची ओढणी सोडून त्याच्या हाताला करकचून बांधली. मला आजही त्या पोरीचं नवल वाटतं.

उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली होती. तुटलेलं बोट मिळालं तर जोडता येईल, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. आम्ही काचा उचलल्या, फ्रिजखाली टॉर्च मारला. बोट कुठेच नाही.

शेवटी मी यंत्राचं झाकण उघडलं. आत रोटर जसाच्या तसा. दोन नळ्या समोरासमोर. एकीत एन्झाइम होतं.

दुसरीत बोट.

बूच घट्ट फिरवलेलं. नळीला बाहेरून रक्ताचा टिपूसही नाही. का कोण जाणे, हाताला सवय म्हणून मी दोन्ही नळ्या काट्याच्या दोन पारड्यांत ठेवल्या. काटा मधोमध उभा राहिला. हलला नाही.

डॉक्टरांना द्यायचं म्हणून मी बुचावरची चिकटपट्टी सोलायला घेतली. नख लावावं लागलं नाही.

टोक दुमडलेलं होतं.