कान गार पडले तर

उणे एकवीस

मोहरी जनायला एकवीस दिवस बाकी होते. या गोष्टीतले सगळे दिवस त्या गायीपासूनच मोजायचे.

कळमेश्वरच्या बाजारात, जनावरांच्या औषधांच्या दुकानात, मिनलनं कॅल्शियमचा पाच लिटरचा डबा उचलून काउंटरवर ठेवला. शेजारी उभ्या माणसानं विचारलं, “गाय जनली का?”

“तीन आठवडे आहेत.”

“मग ठेवून द्या तो डबा.”

दुकानदाराचा चेहरा उतरला. मिनलनं त्या माणसाला न्याहाळलं… स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत चढवलेली, दुसरी मनगटावर. बुटाला वाळलेलं शेण.

“तुम्ही कोण, गायीचे मामा?”

“डॉक्टर. सरकारी दवाखान्यात येऊन पंधरा दिवस झाले. सौरव म्हणतात. घर तिकडं शहरात, नंदनवनले.”

आणि मग, दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या, त्यानं तिला गायीची हाडं समजावून सांगितली. गायीचं बहुतेक कॅल्शियम हाडांत असतं. जनली की दूध उतरतं आणि एका दिवसात भलतीच मागणी येते. ती हाडांनी पुरवायची असते. पण जिला आधी महिनाभर तोंडातूनच भरपूर मिळालं, तिचं शरीर हाडांकडची वाट विसरतं. ऐनवेळी ती वाट सापडत नाही, आणि गाय बसते ती बसतेच. म्हणून जनण्याआधी हात आखडायचा, जनल्यावर सोडायचा. कॅल्शियमनं भरलेला लसूणघास बंद, कोरडा कडबा चालू.

मिनलनं सगळं ऐकलं. दोन वर्षांपूर्वी मोहरीची आई, चांदणी, जनल्यावर दुसऱ्या दिवशी अशीच बसली होती. मान वळवून कुशीवर ठेवलेली, जणू डुलकी लागली. बोलावलेला माणूस पोचेपर्यंत संपली. कॅल्शियम कमी पडलं, असं सगळं गाव म्हणालं होतं. लेकीला काही कमी पडू द्यायचं नाही, हे मिनलनं तेव्हाच ठरवलं होतं.

तिनं डबा विकत घेतला. त्याला आपला नंबरही दिला. दोन्ही एकाच पायरीवर.

उणे वीस, उणे एकोणीस, उणे अठरा…

आजाराचं नाव दूधताप, पण ताप नसतोच, उलट अंग गार पडतं, असं सौरवनं सांगितलं होतं. आधी कान. नुसतं पाहून कळत नाही, बुडाशी हात ठेवावा लागतो. म्हणून रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा.

“कान?”

“गरम.”

“काही दिलं?”

“नाही.”

एवढंच. चार दिवसांनी “जेवल्या?” हे त्यात वाढलं. सातव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, “आज आवाज बसला तुमचा.” तो म्हणाला, शंभर शेळ्यांना लस टोचली, आणि प्रत्येकीशी बोलावं लागतं. ती हसली. त्या दिवशी फोन अकरा मिनिटं चालला आणि मोहरीचं नाव त्यात एकदाच आलं.

पण ते “नाही” खोटं होतं.

डबा कडब्याच्या पेंढ्यांमागे होता. फोनच्या आधी मिनल भिंतीवरची पळी काढायची, एक भरून गुळाच्या पाण्यात ओतायची, आणि मोहरी जिभेनं बादली घासून पुसून काढायची. एका पळीनं काय होते, असं ती रोज मनाशी म्हणायची. बंद करावं, असंही रोज म्हणायची. मग चांदणीची वळलेली मान डोळ्यांसमोर यायची.

उणे नऊ

सकाळी साडेसहाला तिनंच फोन केला. “कान गार आहेत.”

घरून तीस किलोमीटर तो मोटारसायकलवर आला. थंडी मी म्हणत होती. मोहरी उभी राहून कडबा चघळत होती, नाक ओलं, डोळे स्वच्छ. त्यानं तिच्या कानाला हात लावला, मग स्वतःच्या.

“माझेही गार आहेत, मॅडम. मी काय जनून राहिलो का?”

गोठ्याच्या दारातून चंपतराव, मिनलचे वडील, मोठ्यानं हसले. मिनलला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चहा घ्या,” ती म्हणाली.

“त्याच्यासाठीच बोलावलं असल तर…” तो चहाच्या कपात पाहत पुटपुटला, “थंडीचं निमित्त कशाले पाहिजे?” मग नीट आवाजात म्हणाला, “कान गार लागले, तर आधी ऊन आहे का पाहायचं. उन्हातही गार असले, तर मात्र थांबायचं नाही.”

शून्य

पहाटे मोहरी जनली. कालवड झाली, कपाळावर चांद असलेली. दुपारी मोहरी बसली आणि उठेना. मान हळूहळू वळली, कुशीवर टेकली.

मिनलनं कानाच्या बुडाशी हात ठेवला. कानावर ऊन पडलं होतं.

“गार आहेत,” ती फोनवर म्हणाली.

“ऊन आहे?”

“ऊन आहे.”

“आलो.”

तो कन्हानला शिबिरात होता. तासभर तरी लागणार होता. आडवी पडू देऊ नका, टेकू द्या, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. मिनलनं भुसा भरलेली पोती लावली. पोतीही सरकायला लागली, तेव्हा ती स्वतः पाठ टेकून बसली. तासभर, गायीच्या पाठीला पाठ.

सौरवनं येताच कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरली, मानेची शीर शोधली, सुई लावली. बाटली मिनलच्या हातात दिली आणि स्वतः छातीच्या ठोक्याला कान लावून बसला.

“वर.”

“थोडी खाली.”

“तिथंच.”

बाटली जितकी उंच, तितकं औषध जोरात जातं. आता तिचा हात म्हणजेच गायीचा जीव होता.

चंपतराव दाराशी उभे होते. “वीस दिवस गायीचं तोंड बांधलं तुम्ही, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले. “काय निघालं त्याच्यातून?”

सौरवनं मान वर केली नाही. “माझी चूक असू शकते, काका.”

मिनलला गप्प राहता आलं असतं. डबा पेंढ्यांमागे होता, पळी धुतलेली होती. पण तो ते मनापासून म्हणाला होता… आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात हीच खरी गोष्ट सांगताना त्याची जीभ अडखळली असती.

“मी देत होती, बाबा,” ती म्हणाली. “रोज एक पळी. यांना नाही म्हणून सांगत होती.”

बोलता बोलता बाटली वर गेली.

“खाली,” सौरव म्हणाला. “घाई नका करू. एकदम दिलं तर काळीज थांबते.”

ती बाटली खाली घेऊन उभी राहिली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ठोके ऐकता ऐकताच त्यानं विचारलं, “केवढी पळी?”

“वरणाची.”

बाटली संपत आली, तशी मोहरीच्या कातडीतून थरथर धावली. ढेकर आला. तिनं शेण टाकलं. आणि मागचे पाय सावरत, एकदा धडपडून, ती उभी राहिली. चंपतराव आत गेले आणि स्वतःच्या हातानं चहा घेऊन आले.

बॅग भरताना सौरव म्हणाला की नुसत्या पळीनंच झालं असं नाही. तिसरं वेत आहे, तिथून पुढं धोका वाढतोच, आणि आईचंही रक्त आहे. मग चेन लावता लावता थांबला.

“पण खरं सांगायचं होतं मले. नाहीतर इतके दिवस मी फोनवर कोणाशी बोलून राहिलो होतो?”

अधिक एक, दोन, तीन

“कान?” “गरम.”

सगळं दूध काढू नका, थोडं राहू द्या. आता डबा उघडा, आता पाहिजे तेवढं द्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, धोका टळला, आता फोनची गरज नाही.

अधिक चार ते दहा

सात वाजायचे.

सात वाजून जायचे.

अधिक अकरा

रविवारची सकाळ होती. मिनल ओट्यावर बसून कालवडीच्या उड्या पाहत होती. रोजचा सातचा फोन त्यानंच केला होता, तिनं नुसती उत्तरं दिली होती. त्यातलं एक खोटं. मागण्याआधीच मिळत गेलं, म्हणून आपल्या हाडांत काय साठलंय, ते तिनं कधी काढूनच पाहिलं नव्हतं. दुखत असेल का गायीला, हाडांतून काढताना?

तिनं नंबर लावला.

“कान?” ती म्हणाली.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“कोणाचे?”

“तुमचे.”

“गार आहेत,” तो हळूच म्हणाला. “आठ दिवस झाले.”

“ऊन आहे?”

“ऊन आहे.”

“मग आली मी. फोनवर नाही समजत ते.”

“मिनल…” मॅडम नाही, पहिल्यांदाच नुसतं नाव. “पळी घेऊन या. पाहायची राहिली.”

तिनं भिंतीवरची पळी काढली, ओढणीला पुसली आणि पिशवीत टाकली. गोठ्यापाशी थांबून मोहरीच्या कानाच्या बुडाशी हात ठेवला. मग तोच हात स्वतःच्या कानाला लावला, आणि पटकन काढला.

“कुठं निघाली वं?” आतून चंपतरावांनी विचारलं.

“नंदनवनले. डॉक्टरांकडे.”

बापाला जे समजायचं ते समजलं होतं.

“जा. पण पळी काहून नेतं? वरण कशानं घेऊ मी?”

“वाटीनं,” ती फाटकातून म्हणाली.