बूले जेवत नाही तोवर

येल्मरचा चेहरा दिसायच्या आधी मला त्याचा बूट दिसला, कारण माझा कुत्रा त्या बुटावर बसला होता.

नोव्हेंबरमधला शनिवार होता. हार्लिंगेनच्या बंदरावरून बोचरा वारा सुटला होता. प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात मी पाच पिशव्या समोर मांडून उभी होते. चिकन, बदक, हरीण, सामन मासा... आणि एक 'खास चोखंदळांसाठी'. याआधी नेलेल्या तीन पिशव्या घरी जेमतेम फोडून पडल्या होत्या.

"तुमचा कुत्रा माझ्या पायावर बसलाय," तो म्हणाला.

"बूले, ऊठ. सॉरी हं."

"असू दे. पाय गारठलाच होता." त्याने पिशव्यांकडे पाहिलं. "पंगत आहे का त्याच्याकडे?"

मी हसणार होते, पण भलतंच झालं. डोळे भरून आले.

"तो जेवत नाही हो," मी म्हणाले. "तीन महिने झाले."

त्याने सांत्वन वगैरे केलं नाही. एक पिशवी उचलली आणि उलटी केली. "पुढचं चित्र बघूच नका. मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव मांसाचं हवं, आणि कसलं मांस तेही लिहिलेलं हवं. इथे नुसतं 'प्राणिज पदार्थ' म्हटलंय. म्हणजे काहीही असेल. केवढा आहे हा?"

"अकरा महिन्यांचा."

"पोरच आहे अजून. मग 'वाढत्या वयासाठी' असलेलं घ्या. हे चालेल."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"आचारी. वृद्धाश्रमात. तिथल्या पोपटांचे दाणे न्यायला आलोय." तो जरासा हसला. "न जेवणाऱ्यांचा मात्र चौदा वर्षांचा अनुभव आहे. घरी काय खातो हा?"

"लिव्हर सॉसेज. लोणी लावलेला पाव. कधी चीज... तेही माझ्या हातून."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही काय खाता?"

पैसे द्यायच्या रांगेत उभं राहून मी आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत राहिले.

बूले आईचा. फेब्रुवारीत तिने त्याला आणला तेव्हा तो दोन्ही तळव्यांत मावायचा. मेपासून तिला अन्न जाईना. मी ताट नेऊन ठेवायची, आणि थोड्या वेळाने तिचा एकेक घास पलंगाखाली जायचा. बूलेने खाल्लं की तिचा चेहरा खुलायचा. मला ते दिसायचं. मी कधी अडवलं नाही. ऑगस्टमध्ये आई गेली. मग बूले माझ्यासमोर बसून तसंच वर बघायला लागला, आणि नाही म्हणायचं मला कधी जमलंच नाही. त्याचं पोट सतत बिघडलेलं असायचं. पांढऱ्या-काळ्या केसांखाली बरगड्या हाताला लागायच्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दात तपासले, रक्त तपासलं. आजार काही नाही म्हणाल्या. सतरा किलो वजन लिहून घेतलं आणि हळूच सांगितलं, "फ्राउके, हाडं भरायचं वय आहे त्याचं. तुला झेपत नसेल तर दुसरं घर शोधण्यात कमीपणा नाही."

मला ते वाक्य झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

दुकानाबाहेर येल्मरने मला सगळं समजावलं. एकच खाणं ठरवायचं. आधी थोडं, मग दहा दिवसांत वाढवत न्यायचं. वर कोमट पाणी घालायचं, म्हणजे वास सुटतो. वाडगा पंधरा मिनिटं ठेवायचा, मग काही न बोलता उचलायचा. मधे काही द्यायचं नाही.

"आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे बघायचं नाही. कुणी टक लावून बसलं की जेवणाची परीक्षा होते."

"मग पंधरा मिनिटं मी बघू कुठे?"

त्याने खरंच विचार केला. "मी पावणेसहाला सुटतो. तुम्ही कॉर्नवेर्डच्या बाजूला राहता ना, आत्ता म्हणालात... वाटेतच आहे. मी येतो. माझ्याकडे बघा."

इतकं साधेपणाने म्हणाला, की ते किती धीट होतं हे मला सायकलवर बसल्यानंतर कळलं.

सोमवारी तो सहाला आला. मी वाडगा ठेवला. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो आणि... एकमेकांकडे बघितलं. त्याच्या डाव्या भुवईत भाजल्याची बारीक खूण होती. बोटांना कांद्याचा वास होता.

"बोला काहीतरी," तो म्हणाला. "तो ऐकतोय."

"काय बोलू?"

"तुम्ही काय काम करता?"

"शिडं शिवते. बोटींची."

"मग वारा सुटला की तुम्हाला बरं वाटत असेल."

"नाही. कुणाची शिवण उसवेल याची धास्ती वाटते."

तो हसला. पंधरा मिनिटं संपली. बूलेने वाडगा हुंगला होता, बस्स. येल्मरने तो उचलला आणि "उद्या" म्हणून निघून गेला.

मंगळवारी आम्ही अहोजाहो सोडलं. बुधवारी त्याने वृद्धाश्रमातल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. बायको होती तोवर ती त्यांच्या वाटाण्यांतली गाजरं वेचून काढायची. ती गेल्यावर त्यांनी जेवणच सोडलं. "मी गाजरं वेचून दिली, तरी नाही जेवले," येल्मर म्हणाला. "मग एकदा गाजरं तशीच ठेवली आणि त्यांच्या शेजारी माझं ताट घेऊन बसलो. ते खूप शिव्या देत जेवले."

गुरुवारी सकाळी मी हरले. बूले दाराशी पडून होता, मान पंजांवर. मी फ्रीज उघडला आणि त्याला अख्खं सॉसेज भरवलं. दुपारी तो तीनदा ओकला. संध्याकाळी येल्मरला मी दारातच सांगून टाकलं.

"रागावलास?"

"नाही." तो कोट न काढताच बसला. "पण आज त्याला कशाची भूक होती, फ्राउके... आणि तुला कशाची?"

मी खूप रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा कुणासमोर. त्याने जवळ वगैरे घेतलं नाही. उठून दोन अंडी तळली, पावावर ठेवली, ताट माझ्यापुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मी सगळं खाल्लं.

त्यानंतरच्या मंगळवारी, येल्मर यायला अजून तासभर होता. मी कामावरून दमून आले होते. बूलेचा वाडगा भरून ठेवला आणि उभ्याउभ्याच सूप प्यायला लागले. मागे कुरुमकुरुम आवाज आला. मी वळले नाही, हलले नाही. आवाज थांबला तेव्हा वाडगा रिकामा होता, आणि बूले तो फरशीवरून ढकलत चाटत होता.

मी त्याच्या मानेत तोंड खुपसून बसले. केवढा आनंद झाला होता. आणि मग लगेच मनात आलं, आता येल्मर कशाला येईल?

सहाला बेल वाजली. मी दुसऱ्यांदा वाडगा भरला. पोट भरलेल्या बूलेने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आजही नाही," मी म्हणाले.

ते खोटं मी सतरा दिवस चालवलं. पाचला बूले जेवायचा, सहाला आम्ही त्याच्या न जेवण्याची वाट बघायचो. ती पंधरा मिनिटं माझ्या दिवसातली सगळ्यात सुंदर मिनिटं होती. येल्मर मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. तो दुसऱ्या पिशवीचा नमुना घेऊन आला. कुठून कुठून वाचून टिपणं करून आणली. एकदा म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय." मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी कॉफी ओतत राहिले.

"उद्या मी सुट्टी घेतोय," शेवटी तो म्हणाला. "डॉक्टरांकडे नेऊ त्याला. हे आता साधं नाही."

दवाखान्यात बूले शेपटी हलवत काट्यावर चढला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा सावरला. "एकोणीस किलो चारशे. शाब्बास. काय जादू केलीत?"

येल्मरने आकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि तसाच बाहेर पडला.

मी त्याला समुद्राच्या बांधावर गाठलं. ओहोटी होती. खाली मेंढ्या चरत होत्या, दूरवर बेटांकडे जाणारी फेरीबोट दिसत होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"सतरा दिवस."

"दिवसभर मी लोकांना जेवायला घालतो. घरचे येतात आणि सांगतात, आई जेवली हं सगळं. ताटातलं सगळं मला फुलझाडाच्या कुंडीत सापडतं. निदान तू तरी..." त्याने कोटाची कॉलर वर ओढली. "मला वाटलं, हा मरणार. आणि तुला कसं सांगू, याचाच विचार करत होतो."

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तो जेवायला लागला म्हटलं असतं तर तू आला नसतास. मला दुसरं कारण सापडत नव्हतं."

"विचारायचंस."

"काय?"

"ये, एवढंच."

वारा इतका होता की मला दोनदा सुरुवात करावी लागली. "येल्मर, मला तू आवडतोस. कुत्र्याचा आणि याचा काही संबंध नाही. थोडासा आहे... पण नाही. तू समोर बसलास की घर भरल्यासारखं वाटतं. आई गेल्यापासून मला असं काही हवंसं वाटलंच नव्हतं."

तो पाण्याकडे वळला. तेवढ्यात मी मनातल्या मनात त्याच्याशिवायच्या सगळ्या सहाच्या वेळा बघून घेतल्या.

"मी चिडलोय," तो म्हणाला. "आजचा दिवस चिडलेला राहणार आहे. चालेल?"

"चालेल."

"वाटेत म्हणालो होतो ना तुझं घर... माझं घर त्या बाजूला नाहीच. स्टेशनच्या मागे आहे. रोज चार किलोमीटर उलटा येत होतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते वाऱ्याने नव्हते.

"म्हणजे तूही..."

"मीही," तो म्हणाला, आणि माझा गारठलेला हात धरून आपल्या कोटाच्या खिशात घातला.